पाच सीट, सहा माणसं

बद्रीनाथ, तो मोबाईल आधी खाली ठेव. उद्याची तुझी पार्टी किती सीटची म्हणलास? बारा. मकबरा, पाणचक्की, खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ अन् येताना देवगिरीचा किल्ला. हाच फेरा मी बत्तीस वर्षं मारलाय, तेव्हा मला रस्ता सांगू नको. एकच सांग. किल्ल्यातल्या अंधारीत तू पार्टीसोबत आत गेलास, तर बाहेर आल्यावर किती माणसं मोजशील?

बारा?

चुकलास. तेरा. तुला कोण मोजणार, तुझा सासरा?

हसू नका रे. या एवढ्याशा चुकीनं एक माणूस गेला. आज शुक्रवार, रात्रीचे पावणेअकरा झालेत. शेंद्र्याच्या कंपन्यांची दुसरी पाळी अजून सुटायची आहे, रस्त्यावर वर्दळ आहे, लाईट आहे, आपण चौघं आहोत. म्हणून सांगतो. एकट्यादुकट्याला मी ही गोष्ट सांगत नाय, अन् अमावस्येच्या आसपास तर नावच काढत नाय.

सांडू माझा उस्ताद. त्याच्या हाताखाली मी गाडी शिकलो, त्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याच्या डब्यातली भाकर खाल्ली. दारू नाय, तंबाखू नाय, थापा तर नायच नाय. त्यानं ही हकिगत मला आयुष्यात तीनदा सांगितली. तिन्ही वेळा शब्द बदलला नाय. अन् तिन्ही वेळा सांगताना त्यानं डावं मनगट उजव्या हातात घट्ट धरून ठेवलं होतं. का, ते येईलच पुढं.

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. डिसेंबरची बावीस, रविवार. वर्षातला सगळ्यात लहान दिवस. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. सकाळी साडेसहाला सांडू अँबॅसिडर धुऊनपुसून, समोर लिंबू-मिरची लावून स्टेशनाजवळच्या एका लॉजवर पार्टी घ्यायला गेला. पुण्याची पार्टी. तात्यासाहेब म्हणून एक बडे गृहस्थ, पन्नाशी उलटलेले, कोट, चांदीच्या मुठीची काठी. त्यांच्या मंडळी लक्ष्मीबाई, गुडघ्यांनी अधू. बँकेतला मुलगा, सून आणि सहा-सात वर्षांची नात. तिला सगळे बेबी म्हणायचे. मोजा. पाच सीट. सांडूनं आपल्या सवयीनं आरशात बघून मोजली, पाच, अन् गाडी काढली. ड्रायव्हरचं एकच तर काम असतं. जेवढी नेली तेवढी परत आणायची. बाकी सगळं पेट्रोल.

मकबरा झाला, पाणचक्की झाली. पाणचक्कीपाशी बेबीनं हौदातल्या माशांना इतके फुटाणे घातले की आजी म्हणाली, आता मासे डाळीचं पीठ मागतील. हसतखेळत चालली होती मंडळी. फक्त तात्यासाहेब बोलत नव्हते. छावणी सुटली, किल्ल्याचा डोंगर समोर दिसायला लागला, तशी पोरगी ओरडली, "आजोबा, तुमचा किल्ला!"

तात्यासाहेबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. रस्ता तर किल्ल्याच्या तटातूनच जातो. गाडी त्या वेशीतून आत शिरली अन् पार पलीकडं चढाला लागली, तोवर पेपर खाली आला नाय. सांडूनं आरशात बघितलं. पेपर उलटा होता.

तुमचा किल्ला म्हणजे काय, हे सांडूला दुपारी कळलं. भद्रा मारुती झाला, वेरूळ झालं, कैलासाच्या हत्तींपुढं फोटो झाले, अन् म्हैसमाळच्या माळावर वाऱ्यात डबे उघडले. लक्ष्मीबाईंनी सांडूला दशमी दिली अन् कौतुकानं सांगायला लागल्या. "आमचे हे इकडचेच बरं का. दौलताबादजवळच गाव होतं. मी तेव्हा लेकराला घेऊन माहेरी पुण्याला होते. रझाकारांच्या वेळी गावावर हल्ला झाला, तेव्हा ह्यांना आणि आणखी अकरा जणांना किल्ल्यातल्या त्या अंधाऱ्या भुयारात एका म्हाताऱ्या मशालवाल्यानं लपवलं. तीन रात्री. स्वतःच्या घरची भाकरी चोरून आणून घातली. मुसलमान होता, पण देवमाणूस. सव्वीस वर्षं ऐकतेय मी ही गोष्ट. आमच्या बेबीला तर राजाराणीची नको, आजोबांच्या चाचाचीच गोष्ट हवी असते झोपताना."

"मग साहेब कधी परत आले नाहीत इकडं?"

"योगच नाही आला. ह्या वेळीही मुलानंच तिकिटं काढली. हे नकोच म्हणत होते."

तात्यासाहेब लांब दरीच्या काठाला पाठमोरे उभे होते. थोड्या वेळानं ते गाडीपाशी आले अन् हळूच म्हणाले, "परत जायला दुसरा रस्ता हाय का रं?"

बघा, दिवसभर पुणेरी बोलणारा माणूस. त्या एका वाक्यात गावची बोली आली.

"हाय की साहेब. फुलंब्रीवरून. पण लांब पडंल, अन् लेकरू किल्ल्यासाठी रडंल."

"रडू दे."

पण पोरगी गाडीच्या मागंच उभी होती. तिनं ऐकलं, भोकाड पसरलं. मुलगा म्हणाला, बाबा, एवढं आलोय तर ती जागा बघूच. लक्ष्मीबाई म्हणाल्या, त्या चाचाच्या घरचं कुणी असेल तर हात तरी जोडू. आता काय बोलणार? सव्वीस वर्षं स्वतःच्याच तोंडानं सांगितलेली गोष्ट. खाई त्याला खवखवे, पण खवखव घरच्यांना दाखवायची कशी?

सव्वाचारला गाडी किल्ल्याशी लागली. चांदमिनार, तोफा, सगळं भराभर झालं. खंदकावरच्या पुलावरून पुढं गेलं की अंधारी. बद्रीनाथ, तू बघितलीस, पण या दोघांना ठाऊक नाय म्हणून सांगतो. डोंगराच्या पोटात कोरलेली वाट. वळणावळणाची, पायऱ्या कुठं चढत्या, कुठं उतरत्या, भर दुपारी बारा वाजता आत मध्यरात्र. मध्येच एका बाजूला भोक ठेवलंय, तिथून उजेड येतो. शत्रू अंधारात चाचपडत आला की उजेडाकडं धावायचा. अन् पुढं पाय टाकला की खाली खंदक. पूर्वीच्या लोकांची डोकी...

अंधारीच्या तोंडाशी इब्राहीम बसायचा. मशालवाला. काठीला चिंध्यांचा बोळा, बोळ्याला तेल, खांद्यावर ओलं पोतं. वय चौतीस-पस्तीस. सांडूची अन् त्याची चांगली दोस्ती. या इब्राहीमची एक रीत होती, त्याच्या बापापासून आलेली. आत शिरायच्या आधी तो मशालीच्या काजळीत बोट घालून दाराच्या दगडावर रेघा काढायचा. माणशी एक. पहिली रेघ स्वतःची. बाहेर आलं की एकेक माणूस बघून तळहातानं एकेक रेघ पुसायची. दगड साफ झाला तरच दाराला अडसर. तो म्हणायचा, आत इतका अंधार आहे की माणूस मागं राहिला तर अंधाराला वाटतं आपल्यालाच दिला.

अन् त्या सगळ्या रेघांच्या खाली, कोपऱ्यात, एक जुनी रेघ होती. तिरपी. ती तो कधी पुसत नव्हता.

लक्ष्मीबाईंनी विचारलं, "इथं एक म्हातारे मशालवाले होते ना? माणसं लपवली होती त्यांनी?"

इब्राहीम उठून उभाच राहिला. "मोहियोद्दीन. मेरे अब्बा थे वो. तुमकू कैसा मालूम?"

"आमचे हे! त्या बारा जणांतले एक!"

काय आनंद झाला त्या माणसाला. तात्यासाहेबांचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. म्हणाला, सव्वीस साल झाले, अब्बांनी वाचवलेला एक माणूस कधी परत आला नव्हता. तात्यासाहेब नुसती मान हलवत होते. किल्ल्यात पाय ठेवल्यापासून ते एक अक्षर बोलले नव्हते.

"चाचा कुठंयत?" बेबीनं विचारलं.

मग इब्राहीमनं ती कोपऱ्यातली रेघ दाखवली. तो आपलं अर्धं मराठी अर्धं दख्खनी बोलायचा. मी तुम्हाला सरळच सांगतो.

पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, अन् वारं उलटं फिरलं. ज्यांनी कापाकापी केली होती ते रझाकार कधीच पळाले होते. ज्यांनी काय केलं नव्हतं ते घरात सापडले. बाहेरून टोळकी आली. मोहियोद्दीन आठ वर्षांच्या इब्राहीमला घेऊन अंधारीत शिरला. शिरताना दारावर दोन रेघा काढल्या. पोराला वरच्या कोनाड्यात बसवलं. अंधारीची वाट बाहेरच्यांना ठाऊक नव्हती, ती सहा महिनं शोधत बसली असती. पण तिसऱ्या दिवशी पावलं वाजली. वाटेची माहितगार पावलं. कुठं वळायचं, कुठं वाकायचं, सगळं ठाऊक असलेली. म्हाताऱ्याला वाटलं, आपल्यातलंच कुणीतरी. त्यानं अंधारातून विचारलं,

"कित्ते हो, बेटा?"

अन् उत्तर आलं, "एकटाच आहे, चाचा."

आवाज मराठी होता. रडवेला होता. म्हातारा म्हणाला, घाबरू नको, अन् काडी ओढून मशाल पेटवली.

तीस माणसांचे आवाज उठले.

इब्राहीम म्हणाला, मी कोनाड्यातून खाली बघितलं नाय. फक्त ऐकलं. लाठ्या ऐकल्या. अब्बांची पेटती मशाल त्यांनी अब्बांच्याच तोंडात... मग फरफटत त्या भोकापर्यंत नेलं, अन् खाली टाकलं. मी दोन दिवसांनी एकटा बाहेर आलो. माझी रेघ पुसली. अब्बांची कशी पुसू? ते तर बाहेर आलेच नाय. वाट दाखवणारा कोण होता, ते मला आजपर्यंत ठाऊक नाय. तोंड बघितलं नाय मी त्याचं.

सुनेनं डोळ्याला पदर लावला. सांडू म्हणायचा, माझं लक्ष सहज तात्यासाहेबांकडं गेलं. थंडीच्या दिवसात त्या माणसाच्या कोटाची पाठ घामानं भिजली होती.

"मी... इथंच बसतो," ते म्हणाले. एवढंच, अन् तेही कुजबुजत.

"आजोबा, तुमची लपायची जागा कोण दाखवणार मग?" पोरगीनं हात ओढला.

इब्राहीमनं काजळीत बोट घातलं. पहिली रेघ स्वतःची. मग सांडूकडं बघितलं. "कित्ते?"

"पाच सीट," सांडू म्हणाला.

झालं. हीच ती चूक. सांडू दाराशीच विडी... नाय, विडी कुठली, चणे खात थांबणार होता. नेहमी थांबायचा. इब्राहीमनं पाच रेघा काढल्या अन् मशाल घेऊन पुढं झाला. त्याच्यामागं मुलगा, सून, पोरगी, आजी. तात्यासाहेबांनी उंबऱ्यावर पाय ठेवला, अन् एकदम मागं वळून सांडूचं डावं मनगट धरलं. "तू पण चल. माझ्या मागं राहा."

पाहुण्याला नाय कसं म्हणणार? सांडू आत गेला. सहावी सीट. सातवी रेघ काढायची राहिली.

आत वटवाघळांचा वास. मशालीचा धूर. आजीच्या गुडघ्यांमुळं पूर्ण वाट करायची नाय, भोकापर्यंत जायचं अन् त्याच वाटेनं माघारी यायचं असं ठरलं होतं. भोकापाशी सगळे थांबले. इब्राहीम म्हणाला, आता अंधार म्हणजे काय ते बघा. अन् रिवाजाप्रमाणं त्यानं मशालीवर ओलं पोतं टाकलं. दिवस मावळतीला आला होता, भोकातूनही काय उजेड उरला नव्हता.

काळोख.

डोळे उघडे आहेत का मिटलेत ते कळेना. पोरगी आधी खिदळली. मग गप्प झाली.

अन् सांडूच्या मागून कुणीतरी विचारलं, "कित्ते हो, बेटा?"

सांडूला वाटलं, इब्राहीम. मग त्याच्या लक्षात आलं. इब्राहीम तर पुढं आहे. सगळ्यात शेवटी मी. माझ्या मागं कोण?

मनगटावरची बोटं आवळली. नखं मांसात गेली. सांडू ओरडणार, तेवढ्यात पकड सुटली. एकदम. हिसडा बसावा तशी.

काडी पेटली. मशाल पेटली. "चलो वापस," इब्राहीम म्हणाला. पोरगीनं रडायला सुरुवात केली होती, सगळे घाईनं मागं वळले. आता मागचे पुढं अन् पुढचे मागं. तात्यासाहेब मागं होते, म्हणजे तेच आधी बाहेर गेले असणार, असं जो तो समजला. आजींना हात द्यायला मागं थांबलेला सांडूही तसंच समजला.

बाहेर उन्हाची शेवटची तिरीप होती. इब्राहीम दाराशी उभा राहून पुसत होता. मुलगा, एक. सून, दोन. पोरगी, तीन. आजी, चार. सांडू, पाच. स्वतःची, सहा. दगड साफ. खाली फक्त अब्बांची तिरपी रेघ. त्यानं अडसराला हात घातला.

सूनबाई म्हणाली, "मामंजी कुठायत?"

सगळे अंधारीच्या तोंडाकडं वळले.

इब्राहीमनं दगडाकडं बघितलं, मग सांडूकडं. "कित्ते थे तुमे?"

"पाच सीट... अन् मी."

"खुदकू नहीं गिना?"

"ड्रायव्हरला सीटमधे कोण धरतं रं!" सांडू म्हणाला, अन् म्हणता म्हणता त्याची नजर साफ दगडावर गेली.

आतून आवाज आला. आधी लांब. धप्. मग परत, धप्. ओल्या पोत्यावर लाठी पडावी तसा. मग एक लाठी राहिली नाय, पुष्कळ लाठ्या. पुष्कळ पायांचा धावा. अन् त्यात एक माणूस किंचाळत होता.

मुलगा आत धावला, त्याला इब्राहीमनं छातीला हात लावून मागं लोटलं. "तुमे नको. बच्ची को देखो." अन् मशाल उचलली. तेवढ्यात आतून ते शब्द आले. स्वच्छ. मराठी. रडवेले.

"एकटाच आहे, चाचा! एकटाच!"

इब्राहीम होता तिथं थिजला.

सांडू म्हणायचा, मी माणसं मरताना बघितलीत, पण त्या घडीला इब्राहीमचा चेहरा जसा झाला तसा चेहरा मी नाय बघितला. सव्वीस वर्षं ज्याचं तोंड दिसलं नव्हतं त्याचा आवाज. अन् दोन्ही हात डोळ्यांना लावले होते त्याचेच, आत्ता, तासाभरापूर्वी. लक्ष्मीबाई दाराच्या दगडावर मटकन बसल्या. त्यांनाही कळलं होतं. राजाराणीच्या जागी सांगितलेली ती गोष्ट आतून पुरी होत होती.

मशाल जळत होती. आत मार चालला होता. इब्राहीमनं नुसता अडसर घातला असता, तर त्याला कोण काय म्हणणार होतं?

त्यानं काजळीत बोट घातलं. दगडावर तीन रेघा काढल्या. एक स्वतःची, एक सांडूची, अन् एक त्याची. म्हणाला, "जित्ते अंदर, उत्ते बाहर. अब्बा का कायदा है." अन् आत शिरला. सांडू मागं गेला. का गेलो ते मला ठाऊक नाय, म्हणायचा. पाच आणलेत, पाच परत न्यायचेत, एवढंच डोक्यात होतं.

भोकापाशी पोचले. मशाल वर धरली.

कुणी नव्हतं. तात्यासाहेब एकटेच होते. भिंतीशी. अन् त्यांना मार बसत होता.

कोट फाटत होता, हात कुणाचा दिसत नव्हता. डोकं एकदा इकडं आपटलं, एकदा तिकडं. नाकातून रक्त. गुडघा उलट्या बाजूला वळला, कट्कन. सांडूनं ऐकलं ते. पावलांचा आवाज चहूबाजूंनी, अन् जमिनीवर धूळ उठतेय, माणूस नाय. मग त्यांचा जबडा आपोआप उघडला. उघडत गेला. तोंडातून धूर निघाला. चिंधी जळाल्याचा वास.

"अब्बा!" इब्राहीम ओरडला. "बस्स! छोडो!"

सगळं थांबलं.

इब्राहीमनं तात्यासाहेबांचा एक हात धरला, सांडूनं दुसरा. ते जिवंत होते. डोळे फिरत होते. तिघं उठले, एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

मशाल विझली. पोतं नाय, वारा नाय. विझली.

अन् अगदी जवळून. कानाशी. मायेनं विचारावं तसं.

"कित्ते हो, बेटा?"

इब्राहीम रडत होता. रडत रडतच त्यानं उत्तर दिलं. "तीन हैं, अब्बा. हम तीन हैं. गिन लो..."



सांडू म्हणायचा, त्या घडीला सुटलो होतो आम्ही. तिघंही. अंधार सैल झाला होता. मला बाहेरचा वारा लागला तोंडाला. अजून दहा पावलं. त्या माणसानं फक्त गप्प राहायचं होतं. नायतर म्हणायचं होतं, व्हय चाचा, तीन.

पण सवय वाईट. भीतीच्या वेळी माणूस जुनंच बोलतो.

"एकटाच!" तो जळक्या तोंडानं ओरडला. "एकटाच आहे, चाचा!"

...

हात गेला.

दोघांच्याही हातांतून. एकाच झटक्यात. फरफटण्याचा आवाज भोकाकडं गेला. नखं दगडावर घासत गेली... मग नखांचा आवाजही थांबला. बराच वेळ काय नाय. मग खालून, खंदकातून, एकदाच.

धप्.

बाहेर दोघंच आले. इब्राहीमनं दोन रेघा पुसल्या. तिसरी पुसायला हात उचलला, अन् खाली घेतला. आलाच नाय तर पुसायची कशी? मग त्याची नजर खाली कोपऱ्यात गेली.

अब्बांची तिरपी रेघ नव्हती. सव्वीस वर्षं कुणी हात लावला नव्हता, ती साफ पुसली होती. तेलकट तळहातानं. पंजाचा फराटा दाराबाहेरच्या बाजूला ओढलेला होता, बाहेर पडता पडता पुसावी तसा. इब्राहीम त्या दगडाला कपाळ लावून लहान पोरासारखा रडला. त्याचा बाप सुटला होता, अन् त्याचं त्याला बरं वाटत होतं, अन् बरं वाटल्याची लाज वाटत होती. हे त्यानंच सांडूला सांगितलं, पुढं कितीतरी वर्षांनी.

रात्री दोर लावून खंदकातून मढं काढलं. पडल्यानं हाडं मोडतात, ते ठीक. पण पाठीवर तीसेक वळ होते, अन् तोंडात, पार घशापर्यंत, तेलाची काजळी. पोलिसांनी साहजिकच इब्राहीमला उचललं. बापाचा सूड, दुसरं काय म्हणणार? आठ दिवस हर्सूलच्या जेलात होता. मग सांडूनं जबाब दिला, की पार्टी मोजायला मी चुकलो, स्वतःला धरलं नाय, माणूस माझ्यामुळं मागं राहिला, अन् आवाज आला तेव्हा इब्राहीम माझ्याशेजारी बाहेर उभा होता. मालकानं गाडी काढून घेतली. पण खरं सांगू, इब्राहीमला सोडवलं ते लक्ष्मीबाईंनी. ती माउली पांढऱ्या कपाळानं पुण्याहून परत आली अन् पोलीस साहेबापुढं म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं ह्याच्या बापाला मारवलं. ह्यानं माझ्या नवऱ्याला वाचवायला हात दिला. मी दाराशी होते. लिहून घ्या." कागदावर पाय घसरून मृत्यू अशी नोंद झाली.

सांडूनं परत सीटची गाडी चालवली नाय. पाचोडला बाजाराच्या मालाची गाडी चालवली, मरेपर्यंत. शेळ्या, कांदे, पोती. माणूस नको म्हणायचा. मेला तेव्हा त्याला आंघोळ मी घातली. डाव्या मनगटावर चार नखांचे वण होते.

हे बघ बद्रीनाथ, मला तुला घाबरवायचं नाय. आता मशाली गेल्या, इब्राहीम गेला, पोरं मोबाईलचा उजेड पाडून आत जातात अन् रील काढतात. मलाही कधी कधी वाटायचं, सांडू भ्याला असेल, काहीबाही बघितलं असेल. म्हणून गेल्या वर्षी नातसुनेच्या माहेरची माणसं आली, त्यांच्यासोबत मी मुद्दाम किल्ल्यावर गेलो. दाराचा तो दगड शोधला. लोकांनी नावं कोरलीत, बदाम काढलेत, चुना फासलाय. पण त्याच्यामधे आहे. एक उभी रेघ. बोटभर.

म्हटलं, त्या तिसऱ्या रेघेची पन्नास वर्षांची काजळी, वाळून दगड झाली असेल. बोट लावलं.

हे बोट. चार वेळा साबण लावला होता त्या दिवशी, जळक्या तेलाचा वास गेला नाय.

रेघ ओली होती रे...